हाडांचं औषध

त्या वर्षी पीक उदंड आलं आणि गट्टूच्या हातचं काम गेलं.

गट्टू धान्याच्या गोदामात हमाल होता. खरं नाव हजेरी घेणाऱ्यालाच ठाऊक, बाकी सगळे त्याला गट्टूच म्हणायचे. अंगानं रुंद, मानेचं आणि खांद्याचं काम पक्कं, पण उंचीला देवानं हात आखडलेला. पोतं उचलण्यात तो कुणाला हार जात नसे. फक्त पोत्यांची थप्पी डोक्याच्या वर गेली की पोतं खांद्यावरून वर ढकलावं लागतं, आणि तिथं त्याचे हात कमी पडायचे. एरवी थप्पी तेवढी चढेपर्यंत हंगाम संपत आलेला असे, त्यामुळं निभावून जायचं. या वर्षी गाड्या थांबेचनात. तिन्ही दालनं भरली, तेव्हा वरून हुकूम आला की थप्प्या पार तुळयांपर्यंत न्या.

दोन-तीन दिवस गट्टूनं टाचा उंचावून काम रेटलं. मग एका दुपारी वर ढकललेलं पोतं त्याच्या तळहातांवर क्षणभर थांबलं, डुललं आणि मागं आलं. पाठीमागच्या हमालाच्या पायावर पडून फुटलं. पाय मोडला नाही, पण अंगठ्याचं नख गेलं. मुकादम आला. तो ओरडला नाही. त्यानं हात पुढं केला आणि गट्टूनं कमरेला खोचलेला पोती ओढायचा लोखंडी आकडा काढून त्या हातावर ठेवला.

"थप्पी खाली येईस्तोवर तू झाडायला लाग," मुकादम म्हणाला. "सांडलेलं गोळा कर, चाळ. उगाच कुणाच्या तरी जिवावर बेतायचं."

झाडणं-चाळणं हे बायकांचं आणि थकलेल्या म्हाताऱ्यांचं काम. गट्टूची बायको तेच करायची. दुसऱ्या दिवसापासून एकाच ढिगाच्या एका अंगाला ती चाळण घेऊन बसू लागली आणि दुसऱ्या अंगाला तो. पोती वाहणारे जाता-येता म्हणायचे, काय, दोघांनी मिळून संसार झाडायला काढला वाटतं. गट्टूही त्यांच्याबरोबर हसायचा. बायको मान वर करत नसे. धूळ नाकात जाऊ नये म्हणून तिनं तोंडाला फडकं बांधलेलं असे, त्यामुळं ती हसते की नाही हे कुणाला कळायचं कारण नव्हतं.

हमालांच्या खोल्या दोन दालनांच्या मधल्या बोळात होत्या. दोन्हीकडचे पत्रे वर जवळजवळ एकमेकांना टेकलेले, मधे सुतळीएवढं आभाळ. भर दुपारीही चुलीपाशी दिवा लावावा लागे. पुढच्या आवारात गाड्या मागं घेताना ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, म्हणून पोरांनी आवारात यायचं नाही असा मुकादमाचा दंडक होता. त्यामुळं गट्टूचा मुलगा दिवसभर आजीच्या मांडीवर असायचा. आजीचे गुडघे धरलेले. ती एकदा बसली की बसली, आणि नातूही तिच्याबरोबर बसलेला. ती त्याला गुंड्या म्हणायची.

गुंड्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं, पण तो उभा राहत नव्हता. बगलेत धरून उभा केला की त्याचे पाय बाहेरच्या बाजूला वाकायचे, ओल्या काठीसारखे. कपाळ मोठं दिसायचं, मनगटं सुजल्यासारखी जाड. शेजारणी म्हणायच्या, बापावर गेलाय, दुसरं काय. त्या वाईट बुद्धीनं म्हणत नव्हत्या. पण ते ऐकलं की गट्टू भाकरीचा घास जरा जास्त वेळ चावत बसायचा.

झाडण्याचं काम सुरू झालं त्याच महिन्यात दवाखान्यातली नर्सबाई पोरं तपासायला बोळात आली. तिनं गुंड्याची मनगटं दाबून पाहिली, पाय पाहिले, मग मान वर करून पत्र्यांमधली फट पाहिली. हा खेळतो कुठं, असं तिनं विचारलं. आजी म्हणाली, माझ्या मांडीवर. नर्सबाईनं सांगितलं की याची हाडं मऊ राहिलीत, अंगाला ऊन लागत नाही म्हणून असं होतं. तिनं एक बाटली दिली, तिच्या झाकणालाच काचेची नळी होती. नळीवरच्या रेघेपर्यंत औषध, दिवसातून एकदा, त्याच्यावर थेंबही नाही, असं तिनं गुंड्याच्या आईला दोनदा सांगितलं आणि तिच्याकडून वदवूनही घेतलं. शिवाय पोराला रोज थोडा वेळ तरी उन्हात न्यायला सांगितलं.

नर्सबाई पुढच्या खोलीत गेली तेव्हा गट्टू तिच्या मागोमाग गेला. ती दुसऱ्या एका पोराला तोलत होती. ते पोर हातपाय झाडत होतं.

"बाई," गट्टू हळू आवाजात म्हणाला, "यानं उंची पण वाढते का?"

"हाडं धरली की वाढेल की," नर्सबाई काट्यावरची नजर न काढता म्हणाली.

तेवढं ऐकून तो परत आला.

बायकोनं औषधाचं व्रत केल्यासारखं केलं. सकाळी नळावर जायच्या आधी ती गुंड्याचं तोंड दोन बोटांनी उघडायची आणि नळी उजेडाकडं धरून रेघ बघायची. दुपारच्या सुट्टीत त्याला कडेवर घेऊन गाड्यांच्या वजनकाट्यापलीकडच्या पायरीवर जायची. तिथं ऊन असे. आजी कुरकुर करायची की पोर काळं ठिक्कर पडेल. बायको म्हणायची, पडू दे. काट्यावरचा कारकून पहिल्यांदा हाकलायला आला, मग त्याला सवय झाली. गुंड्या डोळे मिचकावत उघड्या अंगानं पायरीवर बसायचा आणि सांडलेले दाणे वेचून तोंडात घालायचा.

थंडी सरता सरता तो आजीच्या खांद्याला धरून उभा राहिला. मग काही दिवसांनी चुलीपासून दारापर्यंत तीन-चार पावलं टाकून आला आणि दारातल्या बापाच्या गुडघ्यावर आदळला. आजी रडली. बायकोनं तोंडाचं फडकं काढून डोळे पुसले आणि परत कामाला गेली. गट्टू बराच वेळ त्या गुडघ्याकडं बघत उभा होता. औषध लागू पडतं, हे त्यानं आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिकडं गोदामात थप्प्या तुळयांना टेकल्या होत्या. वरचे हमाल आता वाकून चालायचे. रोज खालून त्यांचे पाय दिसायचे आणि गट्टू त्या पायांखाली गळणारे दाणे झाडत असायचा. एकदा मालकाबरोबर कुणी पाहुणे गोदाम बघायला आले. त्यातल्या एकानं मुकादमाला विचारलं, एवढी लहान पोरं कामाला ठेवता का? गट्टू त्यांच्याकडं पाठ करून वाकलेला होता. तो सरळ झाला, वळला, आणि पाहुण्याला त्याच्या मिशा दिसल्या. सगळे हसले. पाहुणाही ओशाळून हसला. गट्टूनं केरसुणी उलटी करून जमिनीवर ठोकली, धूळ झटकली आणि पुन्हा वाकला.

त्या संध्याकाळी तो औषधाच्या दुकानात गेला. दवाखान्याची रिकामी बाटली त्यानं दाखवली आणि यातलंच, पण जोरातलं आहे का, असं विचारलं. दुकानदारानं आतून बोटाएवढ्या छोट्या बाटल्यांचा एक डबा काढला. हे मोठ्या माणसांचं, हाडं दुखणारे आठवड्याला एक घेतात, असं तो म्हणाला. कुणासाठी हवंय, हेही त्यानं विचारलं. गट्टू म्हणाला, आईचे गुडघे धरलेत. ते काही खोटं नव्हतं.

आठवड्याला एक, हे त्यानं नीट ऐकलं होतं. पण मागं पडलेल्याला दुप्पट खेपा कराव्या लागतात, एवढं त्याला आयुष्यानं शिकवलं होतं. बायको नळावर गेली आणि आजी तोंड धुवायला सरकली की तो एक बाटली गुंड्याच्या दुधात ओतायचा. औषध गोड होतं. गुंड्या मिटक्या मारून प्यायचा. बायको सकाळी उठल्याबरोबर रेघेपर्यंतचं औषध द्यायची ते वेगळंच. सुट्टीच्या दिवशी बापानं त्याला बारदानावर आडवं निजवायचं, टाचेपासून टाळूपर्यंत सुतळी धरायची आणि गाठ मारायची. गुंड्याला तो खेळ वाटायचा. तो सुतळी ओढायचा आणि माप चुकायचं. चुलीपाशी बसलेली बायको ते बघायची.

उन्हं तापायला लागली तसं गुंड्याचं खाणं सुटलं. आजी म्हणाली, दाढा येत असतील. मग तो पाणी मागू लागला. पेला रिकामा केला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. नाही दिला तर हंड्याला तोंड लावायचा. दुपटी वाळायला जागा पुरेना. सगळे म्हणाले, उन्हाळाच आहे, तहान लागणारच. पण चार-चार दिवस त्याला शौचाला होत नव्हती, पोट ढोलकीसारखं ताठ झालं होतं, आणि पोटात गेलेलं उलटून पडायचं. गट्टूला वाटलं, औषध अंगात लढतंय. जुलाब लागले की म्हणतात ना, आतली घाण निघून जातेय, तसं काहीतरी. त्यानं देणं थांबवलं नाही.

मग गुंड्या चालायचा थांबला. आजीच्या मांडीवर डोकं टाकून तो बोळाच्या भिंतीकडं बघत पडायचा. हाक मारली तर डोळे वळायचे, मान वळायची नाही. एका सकाळी बायकोनं चाळण खाली ठेवली, मुकादमाला काही न विचारता आवारात गेली आणि रिकाम्या निघालेल्या एका गाडीच्या ड्रायव्हरला म्हणाली, आम्हाला मोठ्या दवाखान्यात सोड. गट्टू धावत जाऊन मागच्या फळीला लोंबकळून वर चढला. ती पुढं पोराला घेऊन बसली होती. मधल्या जाळीतून त्याला तिचा अंबाडा दिसत होता आणि खाली लोंबणारा पोराचा एक पाय. पाय सरळ होता.

दवाखान्यात रक्त काढलं. त्याचं उत्तर यायला दुपार झाली. डॉक्टर तरुण होते, झोप न झालेले. त्यांनी विचारलं, याला काय काय देता? बायकोनं सगळं सांगितलं, भात, दूध, आणि दवाखान्याचं हाडांचं औषध रेघेपर्यंत. एखाद वेळी जास्त पडतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली, आणि नळी उजेडाकडं कशी धरते ते रिकाम्या बोटांनी करून दाखवलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर विश्वास दिसेना. घरात मोजमाप कोण ठेवतं, असं ते काहीसं कंटाळून पुटपुटले.

गट्टू दारापाशी उभा होता. त्यानं खिशात हात घातला आणि बोटाएवढी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"हे कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"हा चालायला लागल्यावर सुरू केलं."

"आठवड्याला?"

"रोज."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

डॉक्टरांनी बाटली फिरवून वाचली आणि खाली ठेवली. ते रागावतील म्हणून गट्टू वाट बघत राहिला. ते रागावले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि नर्सला हाक मारली. बायको त्या बाटलीकडं बघत होती. नवऱ्याकडं तिनं पाहिलं नाही.

मग त्यांना समजावून सांगण्यात आलं. हे औषध अंगात साठतं. हाडांना लागतं तेवढं लागतं, उरलेलं रक्तात कॅल्शियम वाढवतं, आणि ते मूत्रपिंडांना सोसत नाही. आता सुईनं पाणी चढवायचं, म्हणजे धुऊन निघेल. वाचेल ना, असं बायकोनं विचारलं. डॉक्टर म्हणाले की आज आणलंत ते बरं केलंत. मूत्रपिंडाचं आत्ता काही सांगता येणार नाही, वरचेवर तपासावं लागेल. तोवर सगळं औषध बंद, दूध बंद आणि काही महिने ऊनही बंद.

आजीला हे सांगितलं तेव्हा ती गोंधळून गेली. तिला सुनेनंच कुणाच्या तरी गाडीतून दवाखान्यात बोलावून घेतलं होतं. ती खाटेच्या कडेवर बसून म्हणाली, कालपर्यंत ऊन द्या, दूध द्या म्हणत होते. आज ऊन नको, दूध नको. मग पोरानं जगायचं कशावर, वाऱ्यावर? तिच्या बोलण्यावर शेजारच्या खाटेवरची बाई हसली आणि मग सुई हलू नये म्हणून गुंड्याच्या हाताला बांधलेली फळी बघून गप्प झाली.

त्या दिवसांत नवरा-बायकोत बोलणं असं झालंच नाही. लागेल तेवढं आजीमार्फत व्हायचं. गट्टू पाणी आणायचा, रांगेत उभा राहायचा, फरशीवर निजायचा. आपल्याला वाईट वाटतंय का, हे त्याला उमगत नव्हतं. खांद्यावर दिवसभर पोतं राहिलं की संध्याकाळी तो खांदाच आपला वाटत नाही, तसं काहीतरी सगळ्या अंगाचं झालं होतं. एकदा बायको दवाखान्याच्या मागल्या नळावर दुपटी धूत होती. त्यानं शेजारी बसून एक दुपटं पिळायला घेतलं. तिनं ते काढून घेतलं नाही.

"उंच होऊन काय करणार होता तो?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पोतीच ना?"

त्यानं दुपटं पिळलं, झटकलं आणि दोरीवर टाकलं. दोरी उंच होती. दुसऱ्यांदा टाकल्यावर ते बसलं.

गुंड्या घरी आला तेव्हा आवारात वाऱ्यानं भुसा उडत होता. बायको त्याचं डोकं पदराखाली झाकून थेट बोळात शिरली. त्यानंतर ती त्याला आजीपाशी ठेवायची नाहीतर पाठीला बांधून गोदामात न्यायची आणि थप्पीच्या सावलीत बारदानावर निजवायची. बापाजवळ एकटं सोडत नसे. त्यानं हात पुढं केला तर ती पाठ वळवायची, जणू तो हात तिला दिसलाच नाही. गुंड्या हळूहळू मऊ भात खायला लागला. एक दिवस उठून बसला. पुढं भिंतीला धरून चालू लागला, आधी चालायचा त्यापेक्षा सावकाश.

नर्सबाई आली ती मान खाली घालूनच. मोठ्या दवाखान्यातून तिला कळलं होतं. तिनं गुंड्याला मापाच्या फळीवर निजवलं, गुडघे दाबून टाचा सरळ केल्या, आकडा बघितला आणि आधीच्या आकड्याशी ताडून पाहिला. पोरं वाढतात तेवढा वाढला होता. जास्त नाही, कमी नाही.

"हाडं कच्ची होती, ती भरली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "भिंतीला गिलावा केल्यानं घराला मजला चढत नाही. उंचीला खाणं लागतं, आजारपण टळावं लागतं, आणि आई-बापाकडून जे आलं ते असतं."

बोळातून निघताना ती गट्टूपाशी थांबली. तो दाराबाहेर दाभणानं फाटकी बारदानं शिवत बसला होता.

"तुम्ही मला त्या दिवशी काहीतरी विचारलं होतं," ती म्हणाली. "मी घाईत उत्तर दिलं. काय बोलले होते मी?"

गट्टूनं दाभणातून सुतळी ओढून घेतली.

"आठवत नाही बाई," तो म्हणाला.

ती पिशवी खांद्याला लावून गेली.

पुढं माल निघू लागला. रोज गाड्या रिकाम्या येत आणि भरून जात. थप्प्या तुळयांपासून सुटल्या, माणसाच्या दुप्पट राहिल्या, दीडपट राहिल्या. एका सकाळी मुकादमानं गट्टूला बोलावलं आणि आकडा त्याच्या हातावर ठेवला. लाकडी मूठ दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं गुळगुळीत झाली होती. गट्टूनं तो कमरेला खोचला आणि पहिलं पोतं पाठीवर घेतलं. गडी जागेवर आला, असं कुणीतरी म्हणालं. दिवसभर त्यानं खेपा केल्या. मानेची कातडी सोलली. पण मनात त्याचं काही उमटलं नाही.

त्याच आठवड्यात आजी लेकीच्या घरी गेली. संध्याकाळी गट्टू घरी आला तेव्हा बायको दारात उभी होती. नळाला पाणी आलं होतं, उशिरा आलेलं, थोडा वेळच टिकणारं. दोन्ही कळश्या तिच्या पायाशी होत्या आणि गुंड्या कडेवर. तिनं बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं.

"धरा याला," ती म्हणाली.

त्यानं आधी हात धोतराला पुसले, मग पुढं केले. ती कळश्या घेऊन भराभर गेली. गुंड्यानं बापाच्या मानेवरच्या सोललेल्या जागेवर बोट ठेवलं. गट्टूचं तोंड वाकडं झालं, तसा तो हसला आणि पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाला, पाणी.

गट्टूला उन्हाळ्यात हंड्याला लागलेलं त्याचं तोंड आठवलं. गुंड्या पुन्हा म्हणाला, पाणी. गट्टू आत गेला, त्याला चटईवर बसवलं, हंड्यातून पेला भरला आणि त्याच्या ओठांना लावला. पोराच्या गळ्याकडं बघत तो उकिडवा बसला. गळा एकदा हलला, पुन्हा एकदा हलला. गुंड्यानं तोंड फिरवलं आणि हातानं पेला दूर सारला. गट्टूनं पेला पुन्हा पुढं केला. गुंड्या चटईची काडी उपटण्यात गुंगला होता. तरीही तो पेला हातात घेऊन तसाच बसून राहिला.

बायको आली, कळश्या उतरवल्या आणि दारातूनच तिची नजर पेल्यावर गेली.

"पाणी मागितलं?"

"मागितलं."

"किती प्यायला?"

"दोन घोट," गट्टू म्हणाला. "नको म्हणाला मग."

तिनं पेला त्याच्या हातातून घेतला, आत वाकून पाहिलं. मग उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं आणि चूल पेटवायला बसली.